मुक्काम हॉटेलात की आत्याबाईंकडे?

ताई, नमस्कार.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. सासरे (वय ७७), आम्ही दोघं, मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा दहाचा. सासऱ्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, ८२ वर्षांच्या आहेत. त्या मंडलेश्वरजवळच्या एका खेड्यात मुलगा-सुनेजवळ असतात. शेती आहे, घर जुनं आणि मोठं आहे. सहा वर्षं झाली, आमचं तिकडे जाणं नाही. मागच्या खेपेला मी मुलासाठी पाण्याचा वीस लिटरचा जार इथून गाडीत घालून नेला होता. तो तेव्हा चार वर्षांचा, नुकताच टायफॉइडमधून उठलेला. जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “नर्मदाकाठी येऊन जारचं पाणी? आमचं चालत नाही वाटतं तुम्हाला.” मी गप्प बसले. त्याही पुढे काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून फोन फक्त सणावारी.

आता डिसेंबरात एक शनिवार-रविवार जायचं घाटतंय. यांचं म्हणणं, महेश्वरला हॉटेलात दोन खोल्या घेऊ, त्यांना त्रास नको, दुपारी दोन तास भेटून येऊ. किल्ला, घाट आणि जमलं तर ओंकारेश्वरही होईल. सासरे म्हणतात, “तुम्हाला जमेल तसं करा.” मुलगी म्हणते, मी येतच नाही. आणि खरं सांगू? घरी राहायचं तर मी स्वयंपाकघरातून बाहेरच पडत नाही. दोन दिवस पोळ्या लाटायच्या आणि परत यायचं. काय करू? जाऊबाईंची माफी मागू का? मागायची तर कशी?

– एक सून, इंदूर

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा जारापाशी अडकले. दुसऱ्यांदा अडकले ते सासऱ्यांच्या “जमेल तसं करा”पाशी. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस असं म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय आहे हे घरात सगळ्यांना कळत असतं. फक्त त्यानं मागितलेलं नसतं, म्हणून आपणही न कळल्यासारखं करतो. त्यांना बहिणीला भेटायचं नाहीये, बहिणीकडे राहायचंय. दुपारी जेवून तिथंच जरा लवंडायचंय, संध्याकाळी ओट्यावर बसून कोण गेलं, कोण राहिलं याची मोजदाद करायची आहे, आणि पहाटे दोघांनाही झोप लागत नाही तेव्हा चहा घेत उरलेलं बोलायचंय. दोन तासांच्या भेटीत नुसत्या गोळ्यांची नावं सांगून होतात.

तेव्हा हॉटेल रद्द करा. शनिवारची रात्र आत्याबाईंच्या घरी झोपा, सगळे.

हे मी शहाणी म्हणून सांगत नाही. बरीच वर्षं झाली, बडवाहच्या बाजूला माझ्या यजमानांच्या मामी राहायच्या. आम्हीही असंच, त्यांना कशाला त्रास म्हणून, रात्री एका लॉजवर उतरलो होतो. सकाळी लॉजवर स्टीलच्या डब्यातून साबुदाण्याची खिचडी आली, वर लिंबाच्या फोडी. मला वाटलं, किती छान, सगळ्यांची सोय झाली. मग निघताना पाया पडायला आतल्या खोलीत गेले, तर पलंगावर पाच दुलया घडी करून ठेवलेल्या. वर पाच उशा, अभ्रे धुतलेले. दुलयांना उन्हाचा वास येत होता. सत्तरीची बाई जिना चढून गच्चीवर गेली होती आणि आमच्यासाठी त्या उन्हात घालून आली होती. त्या काही म्हणाल्या नाहीत. मीही नाही. नंतर मामी गेल्या, आणि ते बोलायचं राहिलं ते राहिलंच.

यजमानांना हे वाचून दाखवा. “त्यांना त्रास नको” म्हणताना आपण त्रास वाचवत नसतो, कारण पाहुणे येणार म्हटल्यावर तो आधीच घेऊन झालेला असतो. हां, घरात जागा नसती, कुणी आजारी असतं, किंवा त्या घरात तुमच्या यजमानांचं भांडण असतं, तर मीच तुम्हाला हॉटेल सुचवलं असतं. तुम्ही स्वतःच लिहिलंय की घर मोठं आहे.

आता तो जार.

तुम्ही चुकला नव्हता. टायफॉइडमधून उठलेलं पोर घेऊन परगावी जाताना कुठलीही आई पाण्याला घाबरते. पण त्या दिवशी जाऊबाईंनी काय पाहिलं असेल? आपल्याकडे माणूस उंबऱ्यात आला की आधी पाणी पुढे येतं, बाकी सगळं नंतर. त्या तांब्या-भांडं घेऊन बाहेर आल्या असतील आणि त्याच वेळी डिकीतून जार उतरत असेल. तुम्ही मुलासाठी आणला होता हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यांना कुणी सांगितलं होतं?

यातली खरी गंमत वेगळीच आहे. इंदूरच्या नळाला नर्मदेचं जे पाणी येतं ते उचललं जातं जलूदहून, म्हणजे तुमच्या आत्याबाईंच्या मंडलेश्वरच्या शेजारून. सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा सगळा चढ पंपांच्या जोरावर चढून ते आपल्या टाकीत पडतं. त्यासाठी इंदूरकरांनी १९७० साली मोठं आंदोलन केलं, आणि १९७८ साली पाणी शहरात पोचलं. तुमचे सासरे तेव्हा ऐन विशीत असणार, विचारा त्यांना, मोर्चात होते का ते. तर जाऊबाईंच्या गावाजवळचं पाणी घाट चढून इंदूरला आलं आणि तुम्ही ते जारात भरून पुन्हा घाट उतरवून नेलंत! (जारवाल्यानं बोअरचं भरलं असेल तर माझा विनोद फुकट गेला.)

हा विनोद तिथं जाऊन करू नका मात्र. आणि यावरून खेड्यातलं पाणी बिनधास्त प्या असाही अर्थ काढू नका. आपल्याकडे ते शुद्ध करून येतं. तिथं घरात विहिरीचं असेल, बोअरचं असेल, नळाचं असेल, काहीही असेल. सासऱ्यांचं वय पाहता उकळलेलंच बरं. फरक एवढाच, की ते तुम्ही न्यायचं नाही, त्यांच्याकडे मागायचं. “वहिनी, अप्पांचं पोट हल्ली नाजूक झालंय, एक हंडा पाणी उकळून गार करून ठेवाल का?” मागितलेलं पाणी देताना माणूस मोठा होतो, आणि आपण बरोबर आणलेलं पाणी बघून लहान. तुम्ही सासऱ्यांना अप्पा म्हणता की आणखी काही, ते मला माहीत नाही. शब्द तुमचे घाला.

माफी मागायचीच, पण फोनवर नको आणि चारचौघांतही नको. पोचल्यावर त्या पाणी घेऊन येतील तेव्हा पहिला पेला तुम्ही उचला, यजमानांच्याही आधी, आणि त्यांच्यासमोर उभ्यानं पिऊन रिकामं भांडं तबकात ठेवा. कुणाच्या लक्षात येणार नाही. त्यांच्या येईल. मग केव्हातरी, दोघीच असताना, सरळ म्हणा, “त्या वेळी मुलाच्या दुखण्यानं मी घाबरले होते. जार आणणार हे तुम्हाला आधी फोन करून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ते माझं चुकलं.” बघा, जार आणल्याबद्दल माफी मागायची गरज नाही, न सांगितल्याबद्दल मागायची. पहिली मागितलीत तर ती खोटी वाटेल, कारण उद्या पोर पुन्हा आजारी पडलं तर तुम्ही पुन्हा जार न्याल. बोलून झालं की थांबा. उत्तराची वाट बघू नका. “कधीचं काय घेऊन बसलात” असं त्या म्हणाल्या तर उत्तम. काही न बोलता मटाराच्या शेंगा सोलायला पुढे सरकवल्या तर त्याहून उत्तम.

आता फोनाविषयी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फोन तुम्ही करायचा, आणि तो जाऊबाईंनाच. पुरुषांनी एकमेकांना केला की “या, या, केव्हाही या” एवढ्यावर संपतो. मग कितीजण, केव्हा, जेवायला की जेवून, हे कुणालाच कळत नाही आणि घरची बाई दहा माणसांचा अंदाज धरून पीठ मळते. तुम्ही नेमकं सांगा: आम्ही पाच जण, शनिवारी अकराला पोचतो, दुपारी तुमच्याकडे जेवतो, रात्री राहतो, रविवारी दुपारी जेवून चारच्या आत निघतो.

आणि कृपा करून “काही करू नका हं” म्हणू नका. मराठीत याच्याइतकं महागात पडणारं दुसरं वाक्य नाही. ते ऐकलं की समोरची बाई श्रीखंड की बासुंदी याचा विचार सुरू करते. त्याऐवजी पदार्थाचं नाव घ्या. “आमच्या घरी अंबाडीची भाजी कधी होत नाही, तुमच्या हातची भाजी आणि ज्वारीची भाकरी करा ना.” तिकडे निमाडात अंबाडी नवलाची नाही, त्यांना बाजारात जावं लागणार नाही, आणि तुम्ही ती मागितलीत याचा त्यांना आनंद होईल. मुलांना भाकरी जात नसेल तर भात आहेच.

रविवारच्या सकाळचे पोहे मात्र तुमचे, हे फोनवरच ठरवून टाका. पोहे, शेव, जिरावण इथून न्या. कांदा, मिरची, कोथिंबीर त्यांच्याकडे असेलच. करतील तुमचे यजमान. इंदूरच्या माणसाला पोहे येत नाहीत असं असूच शकत नाही, आणि येत नसतील तर शनिवारपर्यंत शिकतील. शनिवारी रात्रीचं वाढपही त्यांनीच करायचं. यात क्रांती वगैरे काही नाही. आपल्याकडे पंगतीत वाढायला पुरुषच उभे राहायचे, धोतराचा सोगा खोचून, “भात, भात, भात” करत. बायका आणि म्हातारी माणसं आधी बसवा, यजमानांच्या हातात वरणाचं पातेलं द्या. गाडी चालवली म्हणून त्यांचं काम संपलं असं समजू नका. गाडीत तर तुम्हीही बसून होतात.

पोळ्यांच्या बाबतीत मी तुमच्या बाजूनं आहे, पण पूर्ण नाही. स्वयंपाकघरात शिरूच नका असं मी सांगणार नाही. तुम्ही लाटा, त्या भाजू देत, किंवा उलट. जाऊबाईंशी मोकळेपणानं बोलायची दुसरी जागाच त्या घरात नसेल. फक्त दोन जेवणांपुरतं. तिसऱ्या वेळी हात धुवून ओट्यावर येऊन बसा. आत कुणी हाक मारली तर “आले” म्हणा आणि चहा संपवून उठा.

एक गोष्ट शेतीच्या घरात जाणाऱ्या शहरी माणसाला माहीत हवी. डिसेंबर म्हणजे गव्हाला पाणी देण्याचे दिवस. शेताची वीज पाळीनं येते, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. तुमचे आतेदीर जेवताजेवता उठून मोटर सुरू करायला निघून गेले, किंवा सकाळी दहापर्यंत झोपले, तर ते तुटकपणा करताहेत असं मनात आणू नका. यजमानांना म्हणावं, रात्री बॅटरी घेऊन बरोबर जा एकदा. दोघा आते-मामेभावांमध्ये जे काही बोलायचं राहिलं असेल ते बांधावर थंडीत उभं राहून चटकन निघतं.

काय न्यायचं? साड्या नेऊ नका. तुम्ही दोन नेल्या की त्यांना निघताना तीन द्याव्या लागतील, आणि त्या उसन्या पैशांनी आणलेल्या असतील तरी तुम्हाला कळणार नाही. ओटी भरायला खण-नारळ पुरे. मिठाईचे डबेही नकोत, मंडलेश्वरला सगळं मिळतं. न्यायचं ते असं न्या, जे तिकडे सहज मिळत नाही: गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, नव्या वर्षाचं ‘कालनिर्णय’. आत्याबाईंना दात नसतील तर मेतकूट-भात त्यांना तुमच्या कुठल्याही बर्फीपेक्षा प्यारा होईल.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. पाच माणसं राहून आली, दोन्ही वेळ जेवली, काहीतरी द्यायला हवं, आणि दिलं तर अपमान. यावर आपल्याकडे सोय करून ठेवलेली आहे. सासऱ्यांच्या सहा भाऊबिजा चुकल्यात. त्यांना पाटावर बसवा, आत्याबाईंना ओवाळू द्या, तिथी कुठलीही असो, आणि तबकात सासऱ्यांनी त्यांच्या हातानं पाकीट ठेवू दे. भावानं बहिणीला घातलेली ओवाळणी परत करता येत नाही. त्यात किती आहे हे तुम्ही दोघांनी आधीच ठरवा. सासऱ्यांच्या पेन्शनीतून सगळं नको.

मुलीचं काय, तर तिला न्याच, पण तिथं नेऊन “आजीजवळ बस, फोन ठेव” असं चालवू नका. पंधराव्या वर्षी मुलांना झोप लागते, ती झोपू देत. तिच्या “येत नाही”च्या मागे दुसरं काही आहे का ते मात्र एकांतात विचारा. जुन्या घरात मासिक पाळीच्या वेळी बाजूला बसवतील, अशी भीती पुष्कळ मुलींना असते आणि त्या आईलाही सांगत नाहीत. तसं असेल तर आधी तारीख बघून बेत आखा, आणि तरीही वेळ आलीच तर तिला कोपऱ्यात बसू द्यायचं नाही हे तुम्ही तिला आत्ताच कबूल करा. सासरच्या माणसांसमोर ते तुम्हाला जड जाईल. जाऊ दे. एखादं काम द्यायचंच असेल तर आत्याबाईंची वेणी घालायला सांगा. म्हातारीचे विरळ केस विंचरताना फारसं बोलावं लागत नाही.

किल्ला-घाट-ओंकारेश्वर ही यादी खोडा. महेश्वरहून ओंकारेश्वर साठ-पासष्ट किलोमीटर. तिकडे गेलात की सासऱ्यांचा अख्खा दिवस गाडीत गेला. महेश्वर आत्याबाईंच्या गावापासून लांब नाही, मुलांना घेऊन यजमान रविवारी सकाळी पोहे झाल्यावर तासाभरात अहिल्याबाईंचा घाट दाखवून आणू शकतात. तुम्ही आणि सासरे घरीच राहा.

जाताना महूवरून मंडलेश्वरचा रस्ता धरा. वाटेत जाम दरवाजा लागतो. अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधलेला, माळवा जिथं संपतो त्या कड्यावर. खाली सगळं निमाड पसरलेलं दिसतं. तिथं दहा मिनिटं थांबा, सासऱ्यांना पाय मोकळे करू द्या. पुढे घाटाची वळणं आहेत, पोटात ढवळायच्या आधी थांबलेलं बरं. अंधारात मात्र तो घाट नको, म्हणून रविवारी चारची वेळ मी वर सांगितली. आणि घरात उकिडवं बसायचा संडास असेल तर सासऱ्यांच्या गुडघ्यांचं काय, हे फोनवर विचारायला लाजू नका. ८२ वर्षांच्या आत्याबाई आहेत म्हणजे कमोडची खुर्ची बहुधा असेल. नसेल तर इथून घेऊन जा आणि तिथंच ठेवून या.

शेवटचं एक, जे मी सुचवावं की नाही याचा मी पत्र घेऊन दोन दिवस विचार केला. सासऱ्यांना तिथंच आठ दिवस ठेवून या. पुढच्या रविवारी आणायला जा. त्यांना हवं असेल, आत्याबाईंना तर हवंच असेल. पण जास्तीच्या एका म्हाताऱ्या माणसाचं पथ्यपाणी जाऊबाईंच्या गळ्यात पडणार आहे. म्हणून हे फोनवर नको, सासऱ्यांसमोरही नको. शनिवारी रात्री भांडी आवरताना त्यांनाच एकट्यांना विचारा, आणि नाही म्हणायची वाट मोकळी ठेवा: “नाही जमणार तर सांगा, मी अप्पांना काही बोललेले नाही.” हो म्हणाल्या तर औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवा, आणि उन्हाळ्यात आत्याबाईंसकट त्यांना आठ दिवस इंदूरला बोलवा. निमाडच्या मे महिन्यातून वर माळव्यावर यायला कुणीही तयार होतं. आणि त्या आल्या की तेव्हा पोळ्या तुम्ही लाटायच्या, त्यांनी ओट्यावर बसायचं.

फोन आज-उद्याच करा. दिवेलागणीला नको, ती दुधाची वेळ असते. आठनंतर करा, जेवणं उरकत आलेली असतात.